दर गुरुवारी, लाइट आल्यावर

माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ त्याचं मशीन दर गुरुवारी दुपारी आपलं आपण सुरू व्हायचं, आणि माझे आईबाबा हॉलमध्ये बसून बंद दारामागून येणारा त्याच्या पंख्याचा आवाज ऐकायचे. तो आवाज कशामुळे येतो हे घरात फक्त मला कळतं, असं मी धरून चालले होते. त्या आवाजापायी मशीन हळूहळू मरतंय, हेही मला कळत होतं. तो थांबला तर या दोघांचं काय होईल, एवढंच कळत नव्हतं.

मशीन हा त्याचा शब्द. कॉम्प्युटर ऑफिसात असतो, घरी असतं ते मशीन, असं त्याचं म्हणणं. हिंजवडीला नोकरी लागून वर्ष झालं तेव्हा त्याने जाहीर केलं की तो आता गेम खेळायला स्वतःचं मशीन बांधणार, एकेक भाग निवडून, आणि सुरुवात प्रोसेसरपासून करणार. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कसब्यातलं आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एकाने काही निवडायला घेतलं की ते सगळ्यांनाच निवडावं लागतं.

मीही त्याच धंद्यातली. कंपनीच्या बसने रोज हिंजवडीला जायचं, लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये डोकं पिकवून परत यायचं. पण प्रोसेसर हा विषय मला कधी खायला उठला नव्हता. त्याला उठला होता. दोन प्रोसेसरांत त्याचा जीव अडकला होता. एकात आठ कोअर होते. दुसऱ्यात चारच, पण एकेक जास्त वेगाचा. आणि किंमत दुसऱ्याचीच जास्त. हे बाबांना समजलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. बाबा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

"बाबा, समजा तुमच्या ऑफिसात आठ क्लार्क आहेत, पण निवांत. आणि शेजारच्या ऑफिसात चारच आहेत, पण चटचटीत. गेमसाठी कुठलं ऑफिस घ्याल?"

बाबांनी आमटी भुरकली. "आमच्याकडे आठच होते. काम दोघं करायचे."

"एक्झॅक्टली! ताई, ऐकलंस? गेमला दोघंच लागतात. बाकीचे नुसते बसून असतात!" तो ताटावरून उठून नाचायचाच बाकी होता. आठ कोअरवाला त्या रात्रीच्या आमटीत बुडाला.

मग पुढचा घोळ. तोच चार कोअरचा प्रोसेसर दोन प्रकारांत मिळायचा. एकाचा वेग कंपनीने कायमचा बांधून टाकलेला. दुसऱ्याचं कुलूप उघडं. तो आपण आपल्या हिमतीवर वाढवायचा. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे आईलासुद्धा पाठ झालं होतं. बाबांना मात्र ते पटेना.

"कंपनीने एक वेग ठरवून दिलाय ना? मग तो वाढवणारा तू कोण?"

"कंपनी सगळ्यांवर एकच आकडा छापते हो, बाबा. कुणात किती दम आहे ते तिलाही माहीत नसतं. एखादा आकड्यापुरताच असतो. एखादा कुठल्या कुठे जाऊ शकतो. पण कुणी बघतच नाही."

 जेवण झाल्यावर हात धुता धुता बाबा म्हणाले, "उघड्या कुलपाचा घे." सगळी नोकरी एकाच ग्रेडमध्ये काढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही.

सदाशिव पेठेतल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार साधारण बाबांच्या वयाचा. गिऱ्हाईक आलं म्हणून मान वर करायची असते असं त्याला कुणी शिकवलं नसावं. भावाने मॉडेलचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "असतील तेवढे सगळे बॉक्स दाखवा." बॉक्सवर छापलेल्या बॅचच्या नंबरावरून माल चांगला की सुमार ते ओळखता येतं, असं त्या छंदातली मंडळी मानतात. त्याने त्याचा अभ्यास केला होता.

"ती मेथीची जुडी नाहीये," दुकानदार म्हणाला. "सगळे सारखेच असतात."

एरवी दुकानात तोंड न उघडणारे बाबा एकदम पुढे झाले. "सारखे असतील तर दाखवायला काय हरकत आहे? आम्ही काही रेशनच्या रांगेत उभे नाही."

तीन बॉक्स काउंटरवर आले. भावाने नंबर वाचले, एक बाजूला केला, आणि उरलेल्या दोघांपाशी अडला. कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा." बाबांनी दोन्ही बॉक्स आळीपाळीने तळहातावर तोलले. मंडईत नारळ घेताना तोलतात तसे. एक कानाजवळही नेला. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"हा," बाबा म्हणाले.

"का?"

"हा जरा समंजस वाटतो."

आणि तो खरंच तसा निघाला. जानेवारीत सकाळी खिडकी सताड उघडी टाकून, कानटोपी घालून, अंगावर आईची शाल घेऊन माझा भाऊ त्या प्रोसेसरचा वेग वाढवत बसायचा. थंडीत मशीन कमी तापतं, म्हणून हा मुहूर्त. एक पायरी वर चढायचं, कसून काम द्यायचं, मशीन गोठलं की बंद करून पुन्हा सुरू करायचं. आई चहा घेऊन जायची आणि चिडायची. "कितीदा मारायचं त्या बिचाऱ्याला आणि कितीदा उठवायचं?" पण त्याने ठरवलं होतं त्याच्याही वर प्रोसेसर गेला, आणि तिथे टिकला. असा दाणा लाखात एखादा निघतो, असं त्याने आम्हाला सांगितलं. बाबांना गिगाहर्ट्झ म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी जिन्यात थांबवून ऐकवलं, "माझ्या हातचा आहे तो."

आईने आपल्या परीने मशीनचं स्वागत केलं. जुन्या पडद्याच्या कापडाचं, खाली झालर लावलेलं एक कव्हर शिवलं. आमच्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, मग हे महागामोलाचं पोर उघडं कसं ठेवणार? भावाने कपाळाला हात लावला. "आई, हवा लागते त्याला. कोंडून मरेल ते." कव्हर घडी होऊन त्याच्या कपाटात गेलं. आई दोन दिवस घुश्श्यात होती.

एक गोष्ट त्याने आणखी केली होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्या भागात देखभालीसाठी गुरुवारी लाइट जातात आणि दुपारी येतात. तो त्या वेळी ऑफिसात. इंटरनेटवरून गेम उतरवायला लावलेले असायचे ते अर्धवट राहायचे. म्हणून त्याने मशीनमध्ये अशी सोय केली की लाइट आले की त्याने आपोआप सुरू व्हायचं आणि कामाला लागायचं. उतरवण्याचं काम नसलं तर कुठल्याशा संशोधनासाठी आकडेमोड करत राहायचं. या छंदातली पोरं तसं करतात. मशीन रिकामं बसलेलं त्यांना बघवत नाही. तेवढ्यासाठी भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागायचं. बाबा झोपायच्या आधी घरातलं एकूण एक बटण बंद करत फिरतात. त्या एका बटणावरून दोघांची रोज झकाझकी व्हायची. शेवटी बाबा हरले.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटाला त्याला डेंग्यू झाला. निम्म्या पेठेला झाला होता. आई रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मग एका सकाळी ताप उतरला. अंग गार लागायला लागलं. आईने देवापुढे साखर ठेवली, त्याला मऊ भात भरवला आणि फोन करकरून सगळ्यांना सांगितलं, "उतरला हो, उतरला एकदाचा." तो उठून मशीनसमोर थोडा वेळ बसलासुद्धा. या आजारात ताप उतरल्यानंतरच खरा धोका असतो, हे आम्हाला नंतर समजलं. संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात नेलं. तो परत आला नाही.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेराव्यानंतर आईने त्याची खोली आवरली. पांघरुणं धुतली, टेबल पुसलं आणि कपाटातलं कव्हर काढून मशीनवर घातलं. आता नको म्हणणारं कुणी नव्हतं. झालर नीट केली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर आली. भिंतीवरच्या त्या बटणाला मात्र कुणी हात लावला नव्हता. बाबांनीसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी आत्या भेटायला आली होती. लाइट नव्हते. हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. दुपारी लाइट आले, डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला. आणि बंद दारामागून, त्याच्या खोलीतून, मशीन सुरू झाल्याची बारीक शीळ आली. मग घरघर. मग ती वाढत गेली. वाढत वाढत इतकी झाली की तो ऐन खेळात असताना जसा आवाज यायचा तसा आवाज खोलीतून यायला लागला. आईच्या हातातली वाटी खाली पडली.

"आलाय," आत्या म्हणाली. "काहीतरी राहिलंय पोराचं."

मला संताप आला. भीतीही वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण मी आत्यावर डाफरले, की काही राहिलेलं नाही, ती मशीनमधली सोय आहे, लाइट आले की सुरू होतं. आत्या गेल्यावर बाबांना पुन्हा नीट समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"असेल," ते म्हणाले. "पण गुरुवारीच का?"

"कारण लाइट गुरुवारी जातात, बाबा."

"हं."

त्या 'हं'वरच मला समजायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी ऑफिसातून येऊन बघते तर बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी नव्हती. ती त्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली होती.

मग ते दर गुरुवारचं झालं. मी मॅनेजरला काहीबाही सांगून गुरुवारी घरून काम करायला लागले. आई सकाळीच साबुदाणा भिजवायची. उपास तिचा असायचा, पण खिचडी त्याच्या आवडीची, मिरच्यांचे मोठे तुकडे घातलेली. दुपारी दोघं हॉलमध्ये येऊन बसायचे. बाबा सदरा बदलायचे. मला पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. लाइट यायचे, शीळ वाजायची, घरघर चढत जायची, आणि दोघं ऐकत राहायचे. आत मात्र कुणी जात नसे. दार उघडलं तर खुर्ची रिकामी दिसणार. दार बंद असेपर्यंत तो आत खेळत होता. अंधार पडायला लागला की मी एकटी आत जायची, मॉनिटर लावून मशीन रीतसर बंद करायची आणि दार ओढून घ्यायची. "थकला असेल," आई म्हणायची. 

एका गुरुवारी लाइट गेलेच नाहीत. दोघं दुपारभर बसून राहिले. शेवटी बाबा उठले आणि त्यांनी वीज कचेरीत फोन लावला.

"आज लाइट का गेले नाहीत?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, चेष्टा करताय का?"

"नाही हो. दर गुरुवारी जातात. आम्ही सगळं आवरून बसलोय."

पलीकडून फोन ठेवला गेला. मी म्हटलं, "बाबा, मेन स्विच बंद करून पुन्हा लावते, होईल सुरू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठले होते ती परत बसले. आपण सुरू करायचं नव्हतं. त्याने व्हायचं होतं.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. आकडेमोड करणारा प्रोग्रॅम ठाऊक होता, कव्हर ठाऊक होतं. कव्हराखाली हवा कोंडते, प्रोसेसर भाजायला लागतो, त्याला वाचवायला पंखा जीव खाऊन फिरतो, म्हणून तो खेळत असल्यासारखा आवाज येतो. एवढं साधं होतं ते. तरी शीळ वाजायच्या आधीचा तो अर्धा क्षण, लाइट आल्यानंतरचा, मी कान लावून बसायची. वाजली की भीती वाटायची. वाजली नाही तर, या विचाराने त्याहून जास्त वाटायची. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी मी, माझ्या घरातली चूक बघत होते आणि तिला हात लावत नव्हते.

पहिला उन्हाळा मशीनने कसाबसा काढला. दुसरा आला. त्याने तो वेग जानेवारीच्या थंडीत बसवला होता, हे मी विसरले नव्हते. चैत्रातल्या एका गुरुवारी शीळ वाजली, घरघर चढली आणि मध्येच तुटली. पुन्हा शीळ. पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळेला कसंबसं चाललं.

"आज अडखळतोय," बाबा म्हणाले. ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

मी आत जाऊन मॉनिटर लावला. तापमानाचा आकडा पाणी उकळायच्या जवळपास होता. असं महिनोन्‌महिने चाललेला प्रोसेसर आतून झिजतो. आज अडखळला, उद्या उठणार नव्हता. तो बाबांनी तळहातावर तोलून निवडलेला, भावाने शाल पांघरून वर नेलेला. आणि तो न उठलेला गुरुवार माझे आईबाबा पुन्हा एकदा बघणार, त्याच दारासमोर बसून. ते मला सोसणार नव्हतं.

शनिवारी मी सदाशिव पेठेत गेले. दुकानदार तोच. मान अजूनही खालीच. मी मॉडेलचं नाव सांगितलं.

"तो बंद झाला. केव्हाच. आता तो बसेल असा बोर्डही कुणी बनवत नाही." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "नवीन घ्या. दाखवतो."

त्याने दोन बॉक्स काढून ठेवले. इतके कोअर, तितके कोअर. मी वाचायला लागले आणि कानाशी भाऊ बोलायलाच लागला. ताई, हे आकडे बघू नकोस, एका कोअरचा वेग बघ. ताई, कुलूप उघडं आहे का ते विचार आधी. ताई, डब्यातला पंखा फेकून दे, मोठा कूलर घे. मी खरंच विचारलं, "कुलूप उघडं आहे का?"

"आहे. पण हल्ली कुणी उघडून बघत नाही. हे आपला वेग आपणच वाढवतात, आपणच कमी करतात. माणसाला काही करायचं राहिलेलं नाही." मग त्याने रोजचा प्रश्न विचारला. "वापर काय? गेमिंग, एडिटिंग, का ऑफिसचं काम?"

 कोण खेळणार होतं? घरातली दोन म्हातारी माणसं दाराबाहेर बसून ते ऐकणार होती, हा वापर कुठल्या रकान्यात बसतो? "ऐकायला," मी म्हटलं.

"गाणी ऐकायला एवढा प्रोसेसर कशाला?" तो म्हणाला, आणि मग माझा चेहरा पाहून थांबला. "तुम्ही आला होतात ना मागे? नारळ निवडल्यासारखा निवडला होता तुमच्या वडिलांनी. तो मुलगा कुठे असतो आता?"

मी सांगितलं. जुनं मशीन तापतंय, तेही सांगितलं. त्याने दोन्ही बॉक्स उचलून मागच्या फळीवर ठेवले. 

"तापतोय म्हणालात ना? धूळ झाडा. आणि वर कव्हरबिव्हर घातलं असेल तर काढा. पुण्यातली निम्मी मशिनं कव्हराने मरतात." मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "चांगला दाणा होता तो. पोरगा येऊन सांगून गेला होता."

घरी येताना मी ठरवलं होतं की सांगायचं. पण कुणाला? बाबांना सांगितलं असतं तर ते 'असेल' म्हणाले असते. म्हणून गुरुवारी बाबा सदरा बदलत असताना मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती शेंगदाण्याचं कूट करत होती.

"आई, तो आवाज मोठा का येतो माहितीये?"

तिने मान वर केली नाही. "माझ्या कव्हरामुळे?"

 "तुला कसं कळलं?"

"तो म्हणाला नव्हता का, हवा कोंडते म्हणून? पहिल्या गुरुवारीच कळलं मला. मग काढायचा धीर होईना. काढलं की आवाज जाणार, यांचं काय करायचं?"

म्हणजे इतके महिने आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो. मला हसावं की रडावं कळेना. पण पुढचं तिला माहीत नव्हतं, आणि ते मला सांगावंच लागलं. "आई, तो नुसता आवाज नाहीये. तो तापतो. ताप चढलाय त्याला, दर गुरुवारी चढतो. असाच चढत राहिला तर आता उठणार नाही तो."

ताप हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. मी उच्चारला आणि आईच्या हातातला बत्ता तिथेच थांबला. तेवढ्यात लाइट आले. शीळ वाजली, घरघर चढायला लागली, तुटली, पुन्हा चढायला लागली. बाहेर बाबांची आरामखुर्ची करकरली. आईने पदराला हात पुसले, हॉलमधून, बाबांच्या समोरून चालत गेली आणि दार उघडलं.

मी तिच्या मागे. खोलीत कोंदट उकाडा होता. तिने वाकून कव्हर दोन्ही हातांनी वर ओढून काढलं, झालरीसकट, जसा लहान मुलाचा घामेजलेला सदरा डोक्यावरून काढतात. आणि उघड्या पत्र्यावर उलटा हात टेकवून उभी राहिली.

पंखा अजून ओरडत होता. हळूहळू त्याचा सूर उतरायला लागला. घरघरीची गुणगुण झाली, मग तीही इतकी बारीक झाली की खोलीच्या दारापलीकडे ऐकू गेली नसती. मशीन चालू होतं. दिवा जळत होता. फक्त आवाज गेला होता.

"बंद पडला का?" बाहेरून बाबांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा एकदाच ऐकला होता, हॉस्पिटलच्या जिन्यात.

 आईचा हात पत्र्यावरच होता. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी एक पाऊल मागे सरले.

"गार लागतोय गं," ती म्हणाली. "उतरला. पण हे बरं ना? का उतरला की याचंही..."

"नाही आई," मी म्हटलं. "याचा उतरला की बरंच असतं. यात पुढे काही नसतं."

"नक्की?"

"नक्की."

 बाबा दारात येऊन उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर, धुतलेल्या सदऱ्यात. आत यायचं का नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. आईने मोकळा हात त्यांच्याकडे केला.

"अहो, या," ती म्हणाली. "बंद नाही पडला. ताप उतरलाय. हात लावून बघा."

बाबा आत आले.